बाराच्या भोंग्याचा सा

पाण्याचा टँकर दहा दिवसांनी यायचा, तोही आला तर आला. अशा साली कुणी शहाणा माणूस वृंदावनी सारंग शिकवत बसेल का? पण बद्रीनाथ मास्तर बसले होते. एक तर त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि दुसरं म्हणजे समोर एक पोरगी होती. एकच. जूनमध्ये बारावीच्या संगीताला सात जण होते. दसरा झाला, मुकादमांचे ट्रक लागले आणि चार पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली. दोघींची लग्नं लागली. उरली ती कडूबाई.

हे ज्युनिअर कॉलेज सहकारी साखर कारखान्याच्या संस्थेचं. कारखान्याचे पहिले चेअरमन भजनाचे भारी शौकीन, म्हणून इथं बारावीला संगीत. केज तालुक्यात लोक हसायचे. पोटाला नाही अन् पोरं राग शिकतात म्हणे! चेअरमन गेले, विषय राहिला. आता तर कारखानाही राहिला नव्हता. सलग दुसरं साल पाऊस नाही, ऊस नाही, मग गाळणार काय, कप्पाळ? उसाच्या गाड्या जिथं रांगेनं उभ्या राहायच्या त्या तळावर चारा छावणी पडली होती. नऊशे जनावरं आणि त्यांच्या मागं आलेली त्यांची माणसं. कडूबाईची आई दगडाबाई त्यातच होती, दोन गाई आणि एक बैलजोडी घेऊन. बाप मेंढरं घेऊन गंगेकाठाकडं, गोदावरीच्या अंगाला गेलेला. युसूफ वडगावच्या पलीकडं त्यांची वस्ती होती, तिला आता कुलूप होतं.

कडूबाईच्या आधी दगडाबाईची दोन लेकरं गेली. हिला तरी नजर लागू नये म्हणून असलं नाव ठेवलं. पण गळा? अहो, गळा असा की सटवा शिपाई, जो कुणालाच चांगलं म्हणायचा नाही, तो झाडू हातात धरून दारात उभा राहायचा. हा सटवाच कॉलेजचा तबलजी. वर्ग झाडायचा, घंटा द्यायचा आणि संगीताच्या तासाला तबल्यावर बसायचा.

मास्तर मे महिन्यात रिटायर होणार होते. अठ्ठावीस वर्षं त्यांनी इथं पोरं शिकवली. बारावीला एकही नापास नाही, हे ते कुणालाही सांगत. जे सांगत नसत ते असं, की त्यातली अकरा जण पुढं संगीत घेऊन बीडला, औरंगाबादला बी.ए.ला गेली आणि अकराच्या अकरा परत आली. कुणी सहा महिन्यांत, कुणी वर्षात. मास्तर रात्रंदिवस तेच उगाळायचे. निदान एक तरी टिकावं! एकानं तरी तिथं पदवीपर्यंत उभं राहावं, मग मी डोळे मिटायला मोकळा. आणि ती एक आता हीच होती. दगडाबाईनं शब्द दिला होता, पोरगी पहिल्या झटक्यात पास झाली तर बीडला पाठवीन. नाही झाली तर मामा मुकादम आहे, कोयता तयार आहे.

परत आलेल्यांत सगळ्यात गुणी होता गहिनीनाथ. दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. वर्षभरात तो वळकटी उचलून आला आणि वर्गाच्या दारात उभा राहून म्हणाला, "सर, तिथं माझा सा लागत न्हाई." मास्तरांचं डोकं फिरलं. सगळ्या पोरांदेखत त्याला बोलले, "सा लागत नाही म्हणजे रियाज नाही! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" गहिनीनाथ मान खाली घालून गेला. पुढं तो कारखान्यात वजनकाट्यावर लागला, आणि आता छावणीत चारा मोजून द्यायचं काम करत होता. समोर आला की रामराम घालायचा. गाताना त्याला पुन्हा कुणी पाहिलं नाही.

जानेवारीत आणखी एक विघ्न आलं. कॉलेजच्या एका खोलीत छावणीची पेंड ठेवली होती, तिच्यामागं उंदीर आले आणि उंदरांनी जुन्या पेटीचा भाता कुरतडून खाल्ला. अठ्ठावीस वर्षांची पेटी, हवाच धरेना. प्राचार्यांनी कसंबसं करून बीडवरून नवी पेटी मागवली. ती परीक्षेच्या दहा दिवस आधी आली. मास्तरांनी पहिला सूर दाबला आणि तोंड वाकडं केलं. उतरलेली वाटत होती. त्यांनी दुकानदाराला फोन लावला, "अहो, सगळी पेटी खाली बोलते. कोणता माल दिला?" दुकानदार म्हणाला, "मास्तर, मी स्वतः लावून दिलीय. कान तपासा तुमचा." राग तर असा आला, पण भांडायला त्राण कुणाला होतं?

कडूबाईचंही त्या दहा दिवसांत बिनसलं. पेटीबरोबर सुरू करायची ती नेमकी काळी चारवर, पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सा-वर, आणि दोन आवर्तनं झाली की जरा वर सरकलेली असायची. थोडीच, सुतासारखी. पण पेटीत आणि तिच्यात फट पडायची. दावं सुटलेली गाय जशी फिरून आपल्याच खुंट्याकडं जाते तशी ती पुन्हा पुन्हा तिथंच जायची. मास्तरांना वाटलं, पोरगी दमली. दिवसभर जनावरांखालचं शेण काढते, कडब्याची धूळ घशात, अंघोळ आठवड्यातून एकदा. त्यांना दयाही यायची आणि चीडही यायची, आणि दोन्ही आल्या की ते चीडच दाखवायचे. "रियाज कमी पडतोय, कडूबाई. लक्ष कुठंय?"

"करते की सर," ती म्हणायची. "पहाटं गोठ्यात करते."

प्रात्यक्षिक परीक्षा फेब्रुवारीत होती. बोर्डाकडून परीक्षक आले ते अर्जुनराव, लातूरकडचे, चाळिशीचे, एसटीनं धूळ खात आलेले. खांद्याला एक कापडी पिशवी. प्राचार्यांनी त्यांना अर्धा तांब्या पाणी दिलं आणि अर्ध्याबद्दल माफी मागितली. मास्तर नवी पेटी घेऊन बसले, सटवा तबल्यावर, आणि मधे सतरंजीवर कडूबाई, आईचं इरकल नेसून.

सुरुवात झकास झाली. सारंगचा आलाप तिनं असा टाकला की अर्जुनराव सरळ होऊन बसले. मग बंदिश सुरू झाली आणि घ्या, पोरगी लागली सरकायला! अर्जुनरावांनी हात वर केला.

"बाळ, सा सोडू नकोस. पुन्हा घे."

तिनं पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. अर्जुनरावांनी पेनाचं टोपण काढलं.  अकरांनंतर ही बारावी आली परत, मास्तरांच्या मनात आलं. अजून गेलीसुद्धा नाही आणि परत आली.

कडूबाईच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं, पण आवाज स्वच्छ होता. "सर, म्या सा सोडीत न्हाई. पेटीच सोडती."

"उलटं बोलू नकोस!" मास्तर खेकसले. बोलल्यावर त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं.

अर्जुनरावांनी मात्र पेन खाली ठेवलं. माणूस पक्क्या कानाचा होता. म्हणाले, "मास्तर, पेटी बंद करा. बाळ, तू नुसती गा."

ती नुसती गाऊ लागली. आणि काय सांगावं! कुठं फट नाही, कुठं सरकणं नाही. आपल्या जागेवर अशी ठाम बसली की पाच मिनिटं झाली तरी ढळली नाही. अर्जुनरावांनी पिशवीतून आपला बॅटरीवरचा तंबोरा काढला, डबीएवढा. चालू केला आणि त्याचं बटण हळूहळू फिरवू लागले. पेटीच्या काळी चारच्या किंचित वर. अजून थोडं. आणि एका जागी तंबोरा आणि पोरगी एकमेकांत मिसळून गेले. सटवानं न सांगता हातोडी घेतली, तबला जरासा चढवला, थाप मारली, आणि तोंड उघडं टाकून मास्तरांकडं बघत राहिला.

"अगं बाबौ! सर, हा तर आपला बाराचा भोंगा!"

मास्तरांना एकदम कानस आठवली.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी ते इथं आले तेव्हा संगीताचा वर्ग कारखान्याला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये भरायचा, नेमका बारा वाजता. बाराला पाळी बदलायची आणि भोंगा व्हायचा, पुरता एक मिनिट. पोरं सूर धरून बसलेली, आणि वरून हा एवढा मोठा सूर येऊन आदळायचा, पेटीपेक्षा सुतभर चढा. सगळा वर्ग बिघडून जायचा. मास्तर वेळ बदलून मागायला गेले, तर वेळापत्रक चेअरमन साहेबांनी ठरवलेलं. भोंगा बदलायचं तर नावच नको. तरुण माणूस, डोक्यात मस्ती. म्हणाले, भोंगा हलत नाही ना, मग पेटी हलवू! दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी पेटी उघडली आणि कानस घेऊन एकेका रीडचं, आतल्या पितळी पट्टीचं, टोक घासलं, म्हणजे सूर चढतो. सगळ्या रीड. आठ दिवस लागले. पेटी भोंग्याला मिळाली. मग मुलींनी भोंग्याचा सा धरायचा आणि मुलांनी तोच पंचम. एक मिनिट दमदार, फुकटचा तंबोरा! चेअरमन एकदा वर्गावर आले आणि खूश होऊन म्हणाले, "आपला कारखाना बी सुरात हाय की!" मास्तरांची छाती फुगली. वर्षभरात ते विसरून गेले की आपण काही घासलं होतं. त्यांचा स्वतःचा कानही तिथंच जाऊन बसला.

आणि परीक्षा? परीक्षा दरवर्षी त्याच पेटीवर व्हायची. मग कोण नापास होणार?

कारखाना बंद होऊन वरीस उलटलं होतं. बॉयलर गंजला, भोंगा मुका झाला. तो या पोरीच्या गळ्यात तेवढा उरला होता.

इकडं कडूबाईचं गाणं संपलं. अर्जुनराव हसत होते. "काय गळा आहे हो! फार छान. नवी पेटी जरा उतरलेली दिसते, नाही का मास्तर? लावून घ्या."

घ्या, सुटका झाली होती. नुसतं "हो" म्हणायचं होतं. पोरगी पास होती, मास्तरांचा हिशोब अठ्ठावीस वर्षं एकही नापास नाही असाच राहिला असता, आणि मे महिन्यात हारतुरे घेऊन घरी जायचं होतं. मास्तरांनी "हो" म्हणायला तोंड उघडलंही. पण त्यांना कडूबाई दिसली, जूनमध्ये बीडच्या कुठल्यातरी वर्गात बसलेली. तिथला तंबोरा कोण फिरवणार तिच्यासाठी? आणि दिवाळीला वळकटी घेऊन दारात उभी राहिलेलीही दिसली.

"पेटी बरोबर आहे, सर," मास्तर म्हणाले. "सा माझा चुकलेला हाय."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. कानस, भोंगा, सगळं. सटवा मान खाली घालून हातोडीशी चाळा करत होता. अर्जुनरावांनी मधे एकदाच विचारलं, "अठ्ठावीस वर्षं?" मास्तर म्हणाले, "व्हय."

अर्जुनरावांनी तंबोरा बंद करून पिशवीत ठेवला. मग म्हणाले, "मार्क मी तिच्या गाण्याचे देतो, तुमच्या पेटीचे नाही. चांगले देतो. पण जूनपर्यंत हिचा सा खाली आणा. तिथं कुणी हिच्यासाठी बटण फिरवत बसायचं नाही."

बाहेर आल्यावर कडूबाईनं विचारलं, "सर, म्हंजी म्या दोन वर्सं चुकीचं गायले?"

"तू नाही गं. मी," मास्तर म्हणाले. त्यांना ओट्यावर बसावंसं वाटलं आणि ते बसले. इतकं थकल्यासारखं त्यांना कधी वाटलं नव्हतं. अकरा पोरांची नावं एकेक करून आठवत होती, आणि प्रत्येकाला आपण काय बोललो तेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर पेटी घेऊन छावणीत गेले. पेटी सटवाच्या सायकलवर, मास्तर मागं चालत. काट्याजवळ लोकांची रांग होती. गहिनीनाथ एकेकाचा चारा टाकून वजन बघत होता. मोठ्या जनावराला पंधरा किलो.

"गहिनीनाथ, जरा बोलायचंय."

"बोला की सर. पंधरा किलो. हं, पुढं या."

रांगेतल्या माणसांसमोरच मास्तर बोलले. ज्याला सगळ्यांदेखत झिडकारलं त्याला आडोशाला नेऊन कसं सांगायचं? "तुझा सा खरंच लागत नव्हता. तुझा दोष नव्हता त्यात. पेटी मी भोंग्याला मिळवायला घासली होती. आड माझा खारा होता, आणि मी तुझ्या पोहऱ्याला बोललो."

गहिनीनाथचा हात काट्यावर तसाच राहिला. मग तो म्हणाला, "पुढं या." आणखी तिघांचा चारा झाला. मास्तर उभेच होते. रांग संपत आली तेव्हा तो वजनाकडंच बघत म्हणाला, "मला वाटलं माझ्या कानातच खोट हाय. धा वर्सं झाली सर. लेक झाली, रडायची, तरी तिच्यापाशी गुणगुणलो न्हाई. म्हणलं, उगं तिला बी माझी खोट लागायची."

मास्तरांनी सटवाच्या सायकलवरून पेटी उतरवून घेतली. 

पलीकडं उसाच्या मोडक्या गाडीच्या जुवावर कडूबाई येऊन बसली होती. दगडाबाई गाईपुढं चारा टाकत होती. मास्तरांनी पेंडीच्या पोत्यावर पेटी ठेवली, भाता उघडला आणि काळी चार दाबली.

"सा."

कडूबाईनं सा लावला. बरोबर लागला. मास्तरांनी पेटी थांबवली आणि तिला नुसतं धरायला सांगितलं. तिनं धरला. लांब, एका श्वासात, मग दुसऱ्या श्वासात. गाईंनी माना वर केल्या. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. छान होता. अगदी जागेवर होता.

"चढली!" मागून आवाज आला. गहिनीनाथनं काट्यावरून नजरही काढली नव्हती. "चढली बघा. कडूबाई, खाली ये."

मास्तरांनी दचकून पेटी दाबली. फट होती. सुताएवढी, पण होती. त्यांना ती कळलीच नव्हती. कळणार कशी? त्यांचा कान तर अजून बारा वाजता कारखान्याच्या शेडमध्येच बसलेला होता. आणि गहिनीनाथ एक वर्ष त्या फटीत राहून आला होता, तिथं रोज मार खाऊन आला होता. ती फट त्याच्याइतकी या अख्ख्या तालुक्यात कुणाला ठाऊक नव्हती.

"पुन्हा घे," मास्तर म्हणाले. कडूबाईनं घेतला.

"चढायला लागली," गहिनीनाथ म्हणाला. "आत्ता. हितं थांब."

मास्तर उठले.  ते काट्यापाशी गेले आणि गहिनीनाथच्या दंडाला धरून म्हणाले, "तू बस पेटीवर. हिला खाली आणायचं माझ्या हातून व्हायचं नाही. मला ऐकूच येत नाही ते."

"मी? आन् काटा कोण बघंल?"

"मी बघतो."

"सर, न्हाई जमायचं मला. माझाच जाग्यावर न्हाई."

"तुला लावायला कुठं सांगतोय? तू नुसतं सांग चढली का उतरली ते. जूनपर्यंत. तेवढं कर माझ्यासाठी. न्हाई, माझ्यासाठी नको. हिच्यासाठी कर."

गहिनीनाथनं काटा सोडला. मग त्यानं हातावरची पेंडीची धूळ पँटीला पुसली, जुवाजवळ गेला आणि पोत्यासमोर मांडी घालून बसला. भात्यावर हात ठेवला. त्यानं काळी चार दाबली.

रांगेतली एक म्हातारी टोपली पुढं करून ताटकळत होती. "आवो मास्तर, माज्या गाईचं काय?"

बद्रीनाथ मास्तरांनी चारा काट्यावर टाकला, डोळे बारीक करून आकडा पाहिला आणि एक पेंढी काढून बाजूला ठेवली.

"पंधरा किलो," ते म्हणाले. "हं, पुढं या."